शब्द द्यायची बाजू

लाँड्रीत तिला सगळे भोंगा म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. एखाद्या नवख्या बाईने आदराने ताई म्हटलंच, तर ती म्हणायची, ताईला घरी ठेवून आलेय, इथे भोंगाच. आवाजच तसा होता. धुण्याची मशीनं गडगडत असायची, पिळायचं पिंप घुमत असायचं, वाफेचे नळ फुसफुसत असायचे, आणि या सगळ्याच्या डोक्यावरून तिचा एक शब्द पार गाड्या भरायच्या दारापर्यंत जायचा. ‘सोड.’

हा शब्द म्हणजे तिचं निम्मं काम होतं. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी पिंपातून ओलसर निघायच्या आणि रोलरमधून कोरड्या, कडक होऊन पलीकडे पडायच्या. रोलर म्हणजे आतून वाफेने तापवलेलं, माणसाहून जाड लोखंडी नळकांडं. सकाळी फिरायला लागलं की फिरतच राहायचं. त्याच्यासमोर दोघींनी उभं राहायचं. चादरीचा एकेक कोपरा अंगठ्याला वेढायचा, मागे झुकून काठ ताणायचा, रोलरच्या ओठावर टेकवायचा आणि रोलरने काठ धरला रे धरला की दोघींनी एकदम सोडायचं. एकीने आधी सोडलं तर चादर तिरकी पळते आणि दुसरीचा अंगठा काठाबरोबर आत जातो. नजर काठावरच ठेवावी लागते, शेजारणीच्या हाताकडे बघायला तिसरा डोळा कुणाला नसतो. म्हणून डावीकडच्या बाईने शब्द द्यायचा आणि उजवीकडच्या बाईने तो घ्यायचा. बोटं वाचवायला रोलरपुढे एक पट्टीही होती. तिला बोट लागलं की यंत्र थांबायचं. पण जाड शिवण लागली तरी ते थांबायचं, म्हणून मुकादमाने पट्टी केव्हाच तारेने वर बांधून टाकली होती. तेव्हापासून बायकांची बोटं त्या एका शब्दावर होती.

डावीकडे भोंगा आणि उजवीकडे जाऊबाई. नात्याने जाऊ नव्हे. दोघी एकाच वेळी कामाला लागल्या, म्हणजे एकाच घरात दिल्यासारख्या, म्हणून एकमेकींच्या जावा. आणि मुकादम तो सासरा. सासरेबुवांना आज सकाळी कुणी चहा विचारला नाही वाटतं, असं एकीने पुटपुटावं आणि दुसरीने तोंडात चादरीचा काठ कोंबून हसावं, अशी त्यांची वर्षं गेली. डबाही एकत्रच. जावेच्या मुलीचं बाळंतपण, भोंग्याच्या नवऱ्याचा खोकला, सगळं रोलरसमोर बोलून व्हायचं, मधे मधे ‘सोड’ घालत.

एकच गोष्ट भोंग्याने जावेला कधी सांगितली नाही. ती खाणीत राहायची.

शहराच्या कडेला दगडाची जुनी खाण होती. दगड संपला, खड्डा उरला आणि खड्ड्यात घरं उठली. तिथल्या माणसांबद्दल शहराने ठरवून टाकलं होतं: चोर, घाणेरडी, भांडखोर. लाँड्रीत तर हा शब्द कामाचाच होऊन बसला होता. कितीही धुतली तरी डाग न निघणारी चादर हाती आली, की बायका ती बाजूला फेकत म्हणायच्या, ‘ही खाणीतली.’ भोंगाही म्हणायची. सगळ्यांच्या बरोबर हसायचीही. कामाला लागताना तिने आत्याचा पत्ता दिला होता. संध्याकाळी ती एक थांबा आधी उतरायची आणि वळसा घालून घरी जायची. खाणीतली म्हणून तिला आधी दोन ठिकाणांहून दारातूनच परत पाठवलं होतं; ती चूक पुन्हा करायची नव्हती.

मग मळकं वेचायला एक नवी बाई आली. इस्पितळाच्या गाठोड्यातून रक्ताच्या चादरी वेगळ्या काढायच्या, हॉटेलच्या वेगळ्या, टॉवेल वेगळे. हातमोजे मागितले तर मिळाले नाहीत. खाणीतल्या कातडीला काय होतंय, असं मुकादम म्हणाला, आणि घडी घालणाऱ्या बायका हसल्या. नवी बाई खाणीतली हे लपलेलं नव्हतं. लपलं होतं ते एवढंच, की ती भोंग्याच्या नवऱ्याची चुलत बहीण होती. कामावर यायच्या आदल्या दिवशी तिनेच येऊन सांगितलं होतं, वहिनी, तिथे मी तुला ओळखणार नाही आणि तूही मला ओळखू नकोस, एकीचं तरी नीट चाललंय. भोंग्याने मान हलवली. पुढे किती तरी दिवस ती नणंदेच्या अंगावरून परक्यासारखी जात राहिली.

एका हॉटेलाने टॉवेल कमी आल्याची तक्रार केली. मुकादमाला शोधायला लागलं नाही. त्याने वेचणारीला मधल्या मोकळ्या जागेत ओढलं. टाकीतला एक टॉवेल उचलला, न पिळता त्याचा पीळ घातला आणि तिच्या पाठीवर हाणला. ओला टॉवेल काठीसारखा लागतो आणि काठीसारखा वळ उठवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसरा फटका मानेवर बसला. तिसऱ्याला ती गुडघ्यांवर आली. मशीनं चालूच होती. इस्त्रीवाला इस्त्री उभी करून बघत राहिला. घडीवाल्यांपैकी एक म्हणाली, खाणीतली म्हटल्यावर दुसरं काय होणार. मुकादम विचारत होता, टॉवेल कुठे विकलेस, आणि उत्तराची वाट न बघता मारत होता.

रोलरसमोर भोंग्याच्या हातात चादर तशीच होती. ती तिने खाली टाकली. जाऊबाई म्हणाली, अगं, जाऊ दे, आपल्याला काय करायचंय. भोंगा गेली आणि वर गेलेला टॉवेल तिने मागून धरला. मुकादमाला वाटलं कुठे अडकला. त्याने हिसका दिला, तशी तीही हिसक्याबरोबर पुढे आली, पण तिने टॉवेल सोडला नाही.

मुकादम म्हणाला, “तुला काय एवढा पुळका? तुझी कोण लागते ती?”

असं सगळेच विचारतात. त्याला कुणी उत्तर देत नाही. तो प्रश्न नसतोच. पण भोंग्याच्या तोंडाला सवय पडली होती, की शब्द मोठ्याने आणि वेळेवर द्यायचा. ती बोलून गेली.

“चुलत नणंद लागते.”

तिचा आवाज गाड्या भरायच्या दारापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कुणी ओ दिली नाही. आधी वाटलं मशीनमुळे असेल. मग तिचा चहाचा कप फडताळाखाली, झाडूशेजारी ठेवलेला दिसला. दुपारी डबा जागेवर नव्हता. तो इस्पितळाच्या मळक्या गाठोड्यात सापडला, उघडा, उपडा. घडीवाल्या आपसात बोलत होत्या आणि ती जवळ आली की गप्प होत होत्या. मुकादमाने सगळ्यांना बजावलं होतं, की जी तिच्याशी बोलेल ती उद्यापासून मळकं वेचायला बसेल. आणि रोलरची बाजूही त्याने बदलली. तिच्या तोंडचा शब्द घ्यायचा आणि त्यावर चांगल्या घरच्या बाईने हात हलवायचा, हे त्याला चालणार नव्हतं. भोंगा उजवीकडे गेली, जाऊबाई डावीकडे आली. शब्द आता जावेने द्यायचा होता. आणि भोंग्याशी बोलायचं तर कुणीच नव्हतं.

पहिली चादर आली. दोघींनी कोपरे अंगठ्याला वेढले, काठ टेकवला. शब्द आलाच नाही. चादर तिरकी गेली आणि भोंग्याने अंगठा असा ओढून काढला, की नखाच्या कडेची कातडी काठाबरोबर गेली. पलीकडच्या घडीवालीने चादरीवर रक्ताचा ठिपका बघितला आणि ती चादर बाजूला फेकली. काय म्हणून फेकली, ते तिला म्हणावं लागलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत दोघीच होत्या, तेव्हा भोंग्याने दार अडवलं.

जाऊबाई तिच्याकडे न बघता म्हणाली, “तू मला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं असतं तर माझ्या डब्यातलं खाल्लं असतंस?”

खोटं बोलायची जाऊबाईला सवय नव्हती. “नसतं,” ती म्हणाली.

“बरं. नको खाऊस. शब्द तरी दे. तोंडातल्या तोंडात दे.”

जाऊबाईने सांगितलं की मुकादम तिच्या पाठीमागेच उभा असतो, तिचा नवरा त्याच्याच गाडीवर आहे, आणि तिला मळकं वेचायला बसवलं तर घरची माणसं उंबऱ्यात घेणार नाहीत. हे सांगताना ती रडत होती. भोंग्याला तिची दयाही आली आणि तिच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली. दोन्ही न करता ती बाजूला झाली.

काम सोडायचा विचार आला नाही असं नाही. पण सोडून जायचं कुठे? रोलरखेरीज तिला काही येत नव्हतं आणि खाणीतल्या बाईला नवा रोलर कुणी देणार नव्हतं. शिवाय ती गेली असती तर नणंद एकटी त्यांच्या तावडीत उरली असती. तिने एवढंच ठरवलं की दोन्ही हात शाबूत ठेवून इथे टिकायचं. शब्द नाही तर नाही. ती जावेचा खांदा वाचायला शिकली. सोडायच्या आधी जावेचा उजवा खांदा जरासा उतरायचा. एक डोळा काठावर, एक खांद्यावर. संध्याकाळी डोकं फुटायची वेळ यायची, पण अंगठा वाचायचा.

ती टिकते आहे, हेच काही जणांना सहन होईना. इस्त्रीवाल्याच्या टेबलाजवळून ती जात असताना त्याने तापलेली इस्त्री तिच्या कोपराखाली टेकवली. चुकून नव्हे, टेकवली आणि क्षणभर ठेवली. कातडी चिकटून आली. जागा अरुंद आहे, असं तो म्हणाला. भोंग्याने बाह्या इस्त्री करायची लाकडी फळी उचलली आणि त्याच्या कानशिलावर घातली. तो टेबलावर कोसळला, कान फाटला, धुतलेल्या पांढऱ्या गठ्ठ्यावर रक्त उडालं. मग मुकादम आला. त्याने तिचे केस मुठीत धरले, टाकीपर्यंत ओढत नेलं आणि तिचं तोंड टाकीच्या काठावर आपटलं. खालचा ओठ दातांतून आरपार गेला. वेचणारी नणंद मधे पडायला धावली, तिला त्याने लाथेने गाठोड्यांवर लोटली. बाकीचे बघत होते. मशीनचा आवाज वाढल्यासारखं कुणी तरी मोठ्याने खोकलं.

पुढच्या खेपेला तुझा हातच ठेवत नाही, असं मुकादम तिला म्हणाला. ती धमकी होती. पण त्याला वेगळं काही करावं लागणार नव्हतं.

त्या दिवशी जाड, दुहेरी चादरी होत्या. त्या ओढायला दोघींनी पूर्ण मागे झुकावं लागतं. मुकादम जावेच्या मागे उभा होता, इतका जवळ की तिचा खांदा आखडून वर चढला होता. भोंगा खांद्याकडे बघत होती आणि खांदा हलतच नव्हता. काठ टेकला. रोलरने धरला. खांदा उतरला नाही, पण जावेने सोडलं.

चादर तिरकी पळाली. भोंग्याचा अंगठा काठात, काठ रोलरखाली. आधी काही दुखलं नाही. फक्त कुणी तरी फार घाईने हात धरून बोलवतंय असं झालं. मग बोटं गेली. मांस भाजल्याचा वास तिला आवाजाआधी कळला. ती ओरडली, आणि तो भोंगा कुणी ऐकला नसेल असं शहरात कुणी नसेल. बंद करायचा खटका जावेच्या बाजूला होता. जाऊबाई खटक्याकडे वळली नाही. तिने दोन्ही हात कानांवर ठेवले आणि जिवाच्या आकांताने किंचाळायला लागली, “सोड, सोड, सोड.”

इतके दिवस अडलेला शब्द आता थांबत नव्हता, आणि सोडायला भोंग्याकडे काही उरलं नव्हतं.

वेचणारी नणंद रक्ताच्या गाठोड्यांवरून उड्या मारत आली आणि तिने भिंतीवरचा मोठा दांडा खाली ओढला. सगळी मशीनं एकदम मेली.

इस्पितळात अंगठा आणि दोन बोटं काढली. खाटेवरची चादर त्यांच्याच लाँड्रीची होती. तिने डाव्या हाताने काठ चाचपला, शिवण उसवली होती, आणि अशा वेळीही आपल्याला हेच कळतं याचा तिला राग आला.

हाताला बांधलेलं असतानाच मालकाने चौकशीला बोलावलं. चौकशी रोलरपाशीच झाली. तो फिरत होता, गिऱ्हाइकं थांबणार नव्हती. मालकाने एकच विचारलं: डावीकडून शब्द दिला होता का? घडीवाल्या म्हणाल्या, दिला होता, आम्ही आमच्या कानांनी ऐकला. इस्त्रीवाला कानाच्या पट्टीवर हात ठेवून म्हणाला, एका कानाने का होईना, मीही ऐकला. गाड्या भरणारेसुद्धा म्हणाले, आम्हालाही ऐकू आला. यात कुणीही खोटं बोललं नाही. जाऊबाई जमिनीकडे बघून म्हणाली, दिला होता. मुकादम म्हणाला, बाईचं लक्षच नव्हतं, तिची चूक आहे.

मालकाने भोंग्याला विचारलं, तुला काही म्हणायचं आहे का. तिने सांगितलं की शब्द हात गेल्यावर आला. मालक म्हणाला, एवढी माणसं एक सांगतात आणि तू एकटी दुसरं.

ती मुकादमाजवळ गेली. तिने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. आयुष्यभर ओल्या चादरी ओढलेला हात होता तो. काय होतंय हे कळायच्या आत तिने खांदा लावून त्याला रोलरकडे रेटला आणि त्याचा तळवा ओठावर आणून टेकवला. एक बोट पुढे गेलं असतं तर लोखंडाने ओढलं असतं. बोटांवरचे केस जळाले. तो पाय आपटत होता, शिव्या देत होता, मग नुसताच ओरडायला लागला. आणि घडीवाल्या, इस्त्रीवाला, मालक, सगळे एका सुरात ओरडले, सोड त्याला, सोड.

भोंगा त्यांच्याकडे वळून म्हणाली, “आत्ता कसा वेळेवर आला?”

तिने हात सोडला. मुकादम मटकन खाली बसला. त्याच्या तळव्याला एक फोडसुद्धा आला नव्हता.

तिला त्याच पावली कामावरून काढलं. मुकादमाने पोलिसांत तक्रार दिली, की खाणीतल्या बाईने जीव घ्यायचा प्रयत्न केला. लाँड्रीतली सगळी माणसं साक्षीला होती. भोंगा घरात भिंतीला टेकून बसून राहायची. नवरा खोकत खोकत म्हणायचा, कुणी तरी एकाने खरं बोलायला हवं होतं. ती म्हणायची, खरंच बोलले सगळे, तेच तर आहे. नणंद मात्र रोज कामाला जात होती. दोघींपैकी एकीला जावंच लागणार होतं.

एका संध्याकाळी नणंद धापा टाकत आली. म्हणाली, जाऊबाई आज मालकाच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, सगळ्यांना ऐकू आलं. शब्द मी दिला, पण हात गेल्यावर दिला, त्याआधी इतके दिवस एकदाही दिला नव्हता, आणि का दिला नव्हता ते मुकादमाला विचारा, असं ती म्हणाली. मालक बघतो म्हणाला. ती बाहेर आली आणि गाड्यांच्या दाराशी मुकादमाने तिला गाठलं. तिच्या नवऱ्यासमोर. नवरा गाडीतून उतरला नाही. मुकादमाने बुक्की मारली, ती पडली, पडल्यावर तोंडावर लाथ मारली. ती उठून बसली आणि तेच सगळं पुन्हा म्हणाली. मग दुसरी लाथ. आता इस्पितळात आहे. दात गेला.

भोंगा भिंतीपासून सरळ होऊन बसली. मग म्हणाली, “कुठला दात?”

“पुढचा. आणि जबडा बांधलाय. बोलता येत नाही तिला.”

“नवरा आहे का तिथे?”

नणंद म्हणाली, नाही, कुणीच नाही, मीच बसले होते आत्तापर्यंत.

भोंगा उठली. वहाणेचा पट्टा डाव्या हाताने बसेना. नणंदेने खाली बसून तो लावला आणि विचारलं, इतक्या उशिरा वहिनी निघाली कुठे. पोलिसांनी बघितलं तर धरून नेतील.

“मी त्यांच्याकडेच जातेय,” ती म्हणाली. “तिला घेऊन. तिचं तोंड त्यांना दिसेल, आणि काय झालं ते सांगायला कुणी तरी लागेल ना.”

त्या दिवशी ती वळसा न घालता खाणीच्या वरच्या तोंडाशी, भर रस्त्यावर, सगळ्यांसमोर बसमध्ये चढली.